पाइपातलं बिऱ्हाड

"आक्का, बाहेर या. हे मी शेवटचं सांगतोय," मुकादम गुडघ्यांवर हात ठेवून पाइपाच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला.

"शेवटचं ना? बरं झालं. म्हणजे आता पुन्हा येणार नाहीस," आतून आक्का म्हणाली.

सिमेंटच्या पाइपात माणूस नुसता पुटपुटला तरी बाहेर दवंडी पिटल्यासारखं ऐकू येतं. त्यामुळे आक्काचं उत्तर ओढ्याकाठी जमलेल्या सगळ्यांना मिळालं. जमलेले म्हणजे जवळजवळ सगळं गावच. ऊन टळटळीत होतं. नांगरलेल्या रानातली ढेकळं भाजल्या विटांसारखी झाली होती. पेरणीला अवकाश होता, आणि हाताला काम नसलं की आमच्या गावाच्या पायांना फार काम असतं.

मुकादमाला सहा पाइप हवे होते. पाच मोकळे होऊन ओढ्यात उतरले होते. सहाव्यात आक्काचं बिऱ्हाड होतं.

हे पाइप इथे आले कसे, ते आधी सांगायला हवं. ओढ्यापलीकडचं शहर फुगत चाललं होतं. माळावर कारखाने उभे राहिले, कारखान्यांमागे इमारती आल्या आणि इमारतींमागे दूध पिणारी माणसं. म्हणून आमच्या गावापासून शहरापर्यंत पक्का रस्ता मंजूर झाला. आम्ही तेव्हाच तोंड गोड करून घेतलं, ती घाई झाली. आधी दोन सख्खे भाऊ भांडले. रस्ता आपल्या शेतातून जाऊ नये म्हणून नाही, दुसऱ्याच्या शेतातून जाऊ नये म्हणून. ते मिटलं तर आखणीच्या मधोमध विजेचा खांब निघाला. खांबाचं खातं वेगळं, रस्त्याचं वेगळं, आणि दोन्ही खाती सोयरीक मोडल्यासारखी एकमेकांकडे पाठ करून बसलेली. खांब हलला तोवर ठेकेदार पळाला. नवा आला, त्यानं ओढ्यावरच्या मोरीसाठी पुरुषभर उंचीचे सहा पाइप ट्रेलरवर लादून आणले. ते ओझं अलीकडे उतरलं आणि त्याच दणक्यानं ओढ्यावरचा जुना पूल बसला. पाइप अलीकडे, यंत्रं पलीकडे. यंत्र आणायला रस्ता हवा आणि रस्ता करायला यंत्र हवं. या पेचात दोन पावसाळे गेले.

पडून राहिलेली वस्तू आणि आमचं गाव यांचं चांगलं जमतं. पहिल्या पाइपात न्हाव्यानं आरसा टांगला. दुसऱ्यात कोंबड्या गेल्या, तिसऱ्यात सरपण, चौथ्यात पत्ते खेळणारे आणि पाचव्यात शेळ्या. सहाव्यात आक्का गेली.

आक्का आमची शेजारीण. तिच्या मुलाला गाव 'होयबा' म्हणतं, कारण त्यानं कोणालाच कधी नाही म्हटलेलं नाही. आई बोलली की हो, बायको बोलली की हो, आणि दोघी एकदम बोलल्या की तो गोठ्यात जातो. त्याची बायको मात्र हिकमती. आम्ही तिला वहिनी म्हणतो. दोन म्हशींच्या तिनं सहा केल्या, आणि दूध शहरातल्या डेअरीला लावलं. त्याआधी घरातलं सगळं दूध आक्काच्या रवीखाली जायचं आणि लोणी होऊन यायचं. एके दिवशी दुधाचे कॅन ठेवायला जागा हवी म्हणून वहिनीनं रवीचा खांब उपटला. आक्कानं वाकळ उचलली, तांब्या उचलला आणि ओढ्यावर आली. चार दिवसांत राग उतरेल, असं सगळे म्हणाले. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. तेवढ्या काळात तिनं पाइपाचं एक तोंड मातीच्या भिंतीनं बुजवलं, भिंतीला दिव्यापुरता कोनाडा ठेवला आणि दुसऱ्या तोंडाला पडदा लावला.

"दोघं आत जा आणि म्हातारीला वाकळीसकट उचलून आणा," मुकादमानं आपल्या माणसांना फर्मावलं.

"तसं करू नका," न्हावी म्हणाला. "इथे उठला तो मुकला."

"म्हणजे?"

"म्हणजे बसला त्याची जागा. बाजारात असो, विहिरीवर असो. आपणहून उठला तर जागा गेली. उठायचंच असेल तर आपल्या घरचं माणूस तिथे बसवून जायचं. मग जागा त्या माणसाची, तो उठेपर्यंत. पण बसलेल्याला कोणी हात धरून उठवलं, तर गाव त्याला पाणी देत नाही."

मुकादमाच्या माणसांनी गावाच्या विहिरीकडे पाहिलं, वर उन्हाकडे पाहिलं आणि दोघंही जागचे हलले नाहीत.

"पश्चिमेला बघा," मुकादम म्हणाला. "ढग जमायला लागलेत. पाणी यायच्या आत सहाही ओढ्यात बसले तर मोरी होईल, मोरी झाली तर यंत्रं अलीकडे येतील. नाहीतर मी माणसं घेऊन दुसऱ्या कामावर चाललो. पुढच्या वर्षी कोण येईल, येईल की नाही, मला विचारू नका."

हे वहिनीला कळलं तेव्हा ती हात न धुताच आली. गेल्या पावसाळ्यात ओढा भरला की दूध अलीकडेच राहायचं आणि नासायचं. डेअरीवाल्यानं यंदा स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा तसं झालं तर तो दुसऱ्या गावाचं दूध घेईल. सहा म्हशींचं दूध घरात ठेवून करायचं काय? वहिनीला रात्री झोप लागत नव्हती.

"आत्याबाई, घरी चला," ती पडद्याबाहेरून म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"हा पाइप आहे."

"तुझं छप्पर गळतं, हा गळत नाही. घर कशाला म्हणायचं ते तूच ठरव."

"लोक मला नावं ठेवतात. सासूला मोरीत घातलं म्हणतात."

"मोरीत अजून कुठे घातलंय? त्यासाठीच तर हा माणूस आलाय."

माणसं हसली. वहिनीही हसू दाबत होती. मग तिचा आवाज उतरला. "रस्ता नाही झाला तर माझं सगळं बुडेल हो. तुम्हाला माझं बुडवायचंय का?"

पडद्यामागे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बुडवायचं नाही गं," आक्का म्हणाली. "पण ऐक. माहेरी आम्ही पाच बहिणी एका पांघरुणाखाली. इथे आले ती सासूच्या पायाशी झोपले. मग नवरा, मग पोरं, मग तू. सगळा जन्म लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत काढला. कधी दार लावून बसले नाही, कारण दारामागे दुसरंच कोणीतरी असायचं. इथे पडदा ओढला की ओढला. ही पहिली जागा माझी. ती मी तुझ्या दुधासाठी सोडू?"

पत्ते खेळणाऱ्यांना यात काही विशेष वाटलं नाही. बायका मात्र पडद्याकडे बघत राहिल्या.

वहिनी मागे सरली, मुकादमाच्या कानाशी काहीतरी बोलली आणि पुन्हा पुढे आली.

"बरं, राहिलं. पण थोरली म्हैस दोन दिवस पान्हा सोडत नाही. तुमचा हात ओळखते ती. एकदा येऊन बघा, तोवर मी बसते तुमच्या जागी. रीतच आहे."

थोरली म्हैस आक्काच्या हातची वाढलेली. पडदा हलला.

"उठशील मधेच."

"नाही उठत."

"सगळ्यांनी ऐकलंय."

"ऐकू दे."

आक्का बाहेर आली. उंचीनं इतकी लहान, की पुरुषभर पाइपात तिला वाकायचंसुद्धा काम नव्हतं. तिनं डोळ्यांवर हात धरून सगळ्यांना एकदा निरखलं, सून आत जाऊन नीट बसल्याची खात्री केली आणि शेताच्या बांधानं घराकडे गेली. ती झाडांआड होताच मुकादमानं पहारी उचलायला लावल्या.

"चला वहिनी. उठा पटकन."

"हो, उठते."

ती उठली नाही.

"वहिनी?"

"जरा टेकले हो. किती गार आहे इथे."

"माणसं खोळंबलीत."

"आमच्याकडे माणसं रोजच खोळंबतात. त्यांना काही होत नाही."

"अहो, तुम्हीच नाही का मला मघाशी कानात सांगितलं..."

"सांगितलं होतं. थोडं थांबा." आणि आतून पडदा ओढला गेला.

मुकादम खडीच्या ढिगावर बसला. न्हाव्यानं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "दाढी करून घ्या. वेळ जाईल," तो म्हणाला आणि वस्तऱ्याची पेटी घेऊन आला.

तेवढ्यात होयबा आला. "अगं, जेवणाचं काय?"

"आत्याबाई गेल्यात ना घरी?"

"हो."

"मग त्यांना विचारा."

"हो," म्हणून तो वळला. तो बांधापर्यंत पोचला असेल नसेल, तोच पाइपातून असा काही घोरण्याचा आवाज आला की पाचव्या पाइपातून हुसकलेल्या शेळ्या उधळल्या. गावानं वहिनीला धावताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं, तापानं फणफणलेली असताना कॅन उचलताना पाहिलं होतं. झोपलेली कोणी पाहिली नव्हती. माणसं आपोआप हळू बोलायला लागली. एका आजोबांना खोकला आला तर ते दूर जाऊन खोकले.

ऊन कलायला लागलं तेव्हा आक्का परत आली. केसांत कडबा होता, पदर दुधानं भिजला होता आणि एका पायातली चप्पल बहुतेक वासरानं नेली होती.

"उठ गं," ती पडदा सारून म्हणाली. "म्हैस म्हणे पान्हा सोडत नाही. चरवी भरून उतू गेली, मला बाजूला व्हायला वेळ दिला नाही. फसवलंस मला."

"फसवलं," आतून वहिनी जांभई देत म्हणाली.

"उठ म्हणते ना. माझी जागा आहे."

"होती."

गर्दीतून कोणीतरी दबल्या आवाजात रीत म्हणून दाखवली. न्हाव्याचा वस्तरा मुकादमाच्या गालावर थांबला. एक गाल झाला होता, एक राहिला होता.

"तू रस्त्यासाठी जीव टाकत होतीस ना? मग बसलीस कशी?"

"उठणारच होते आत्याबाई. देवाशपथ. पण इतका वेळ मला कोणी हाक मारली नाही. आधी वाटलं, बहिरी झाले."

आक्कानं कमरेवर हात ठेवले. सुनेकडे बघितलं. मग ती म्हणाली, "सरक."

वहिनी सरकली. आक्का आत गेली आणि पडदा पुन्हा पडला.

मुकादम अर्ध्या दाढीनिशी उभा राहिला. "आता दोघी? मी डोंगर फोडलेत, दलदलीत भराव घातलेत. असं कुठे..."

"डोंगराला सून नसते," न्हावी म्हणाला. "बसा, गाल कापेल."

पुढचं सगळं गावानं खडीवर, बांधावर, पाइपांवर बसून ऐकलं. आत कोणाला चोरून बोलायची गरज वाटली नाही, की आपण चोरून बोलतोय असंच दोघींना वाटत होतं, हे अजून ठरलेलं नाही.

"रवीचा खांब का उपटलास?"

"कॅनला जागा नव्हती."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालेच असते. पण विचारायचं होतंस."

"...चुकलं."

"आज बघितलं मी घर. श्वास घ्यायला जागा नाही. मधल्या खोलीत कॅन, आतल्या खोलीत पेंड. तू झोपतेस कुठे?"

"पेंडीवर."

"आणि तो?"

"ते खाटेवर."

"माणसं तीन आणि ऐसपैस एकटाच."

गावानं होयबाकडे पाहिलं. त्याला काय म्हणावं ते सुचलं नाही, म्हणून तो हो म्हणाला.

तेवढ्यात पश्चिमेचं आभाळ गडगडलं. माती उडाली, पडदा फडफडला, आणि थेंब नाही पण थेंबाचा वास आला. मुकादमानं गळ्याभोवतीचं फडकं फेकलं आणि पाइपासमोर हात जोडले. "माझ्या आयांनो, काय ते एक करा. आता मला गेलंच पाहिजे."

"तुला पाइप ओढ्यापर्यंत न्यायचाय ना?" आक्कानं विचारलं.

"हो."

"मग ने की. आम्ही कुठे अडवलंय? आम्ही जागेवरून उठणार नाही. जागा तू कुठेही ने."

यावर गावात घाईघाईनं खल झाला. खोकणाऱ्या आजोबांनी निवाडा दिला, की रीत उठण्याबद्दल आहे, हलण्याबद्दल नाही. हे सगळ्यांनाच पटलं. मुकादमाला पटलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, पण तो दोरखंड सोडायला लागला.

वाकळ, तांब्या आणि दिवा बाहेर आला. पाइपाच्या मागे पहारी लागल्या, दोन्ही बाजूंना ओंडके घेऊन माणसं उभी राहिली, पुढे पळाला तर धरायला दोर बांधले. मुकादमानं हात खाली केला. पहिल्याच ढकलीला मातीची भिंत धडाधडा ढासळली, आतून पार उजेड आला, आणि आक्का सुनेच्या अंगावर पडली.

"थांबा," आतून दोघी म्हणाल्या.

"लागलं का?"

"नाही. डावा पाय आधी टाकायचा ते ठरतंय."

"कोणाचा डावा?" ही वहिनी.

"माझा."

"तुमचाच का?"

"मी आधी राहायला आले म्हणून."

पाइप फिरला की खालची बाजू वर जाऊ बघते, आणि आतल्या माणसाला चालत राहावं लागतं. एक पुढे गेली आणि एक मागे राहिली तर दोघी पडतात. दोन वेळा पडल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी हात धरला. आक्कानं "हां, पाऊल" म्हटलं, वहिनीनं "हां, पाऊल" म्हटलं, तो घोष पाइपातून घुमत बाहेर आला आणि पहारीवाल्यांचे हात त्याच तालावर पडायला लागले. मुकादम गप्प झाला, त्याची गरजच राहिली नाही. पत्ते खेळणारे उठले. ज्या दोन भावांनी रस्ता अडवला होता ते एकाच पहारीला लागले आणि लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बायकांनी पदर खोचले. कोंबड्या पुढे, शेळ्या मागे, मधे धुरळ्यात तो प्रचंड पाइप, आणि पाइपात सासू-सून पावलात पाऊल टाकत, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढत चाललेल्या. अशी मिरवणूक आम्ही पुन्हा पाहिली नाही.

ओढ्याच्या कडेला मुकादमानं ओंडके लावले. "बस्स. इथून उतार आहे. आता पाइप पळणार. इथे चेष्टा नाही चालायची. उतरा."

आतलं हसू थांबलं.

"माझा लेक कुठाय?" आक्कानं विचारलं.

"इथे आहे," होयबा म्हणाला.

"गोठ्यामागची जागा मोकळी आहे. तिथे खोली बांधायची. एक खिडकी, एक दार."

"हो."

"नुसतं हो नको," वहिनी म्हणाली. "तुमचं हो मी लग्नापासून ऐकतेय. काय करणार ते तोंडानं म्हणा."

होयबाच्या कपाळावर घाम आला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. पहिला टपोरा थेंब त्याच्या नाकावर पडला. "गोठ्यामागे," तो म्हणाला, "खोली बांधीन. दाराला... आतून कडी."

"कोणासाठी?"

"दोघींसाठी."

"आणि तू?"

"मी विचारून येईन."

"पेंड?" वहिनी म्हणाली.

"पेंड माझ्या खाटेखाली."

आत दोघींचं काहीतरी ठरलं. एकटी आधी उठली असती तर तिची जागा गेली असती, म्हणून आक्का एका तोंडातून आणि वहिनी दुसऱ्या तोंडातून, दोघी अगदी एकाच वेळी बाहेर पडल्या. ओंडके निघाले, दोर सैल झाले आणि पाइप घरंगळत खाली जाऊन पाचव्याला खेटून बसला. मागोमाग पाऊस आला. आम्ही सगळे भिजत दगड वाहत राहिलो. अंधार पडायच्या आत सहा पाइपांच्या कडांना दगड लागले, वर मुरूम पडला, आणि ओढ्याचं गढूळ पाणी आक्काच्या घरातून सरळ निघून गेलं. तिनं ते काठावर उभं राहून पाहिलं. "गळत नव्हतं कधी," ती एवढंच म्हणाली.

मग उघडीप मिळाली तशी यंत्रं अलीकडे आली. पुढच्या गावात कोणीतरी खडीच्या ढिगावर भोपळ्याचा वेल चढवला होता, त्याला फळं धरली होती, म्हणून काम तिथे अडलं. पण ती त्यांची गोष्ट. आमच्या ओढ्यावरून दूध भर पावसाळ्यात जायला लागलं आणि एकही दिवस परत आलं नाही.

खोली झाली. होयबानं स्वतः बांधली, एक भिंत थोडी वाकडी आहे. खिडकीशी कोणी बसायचं यावरून दोघी रोज भांडतात, पण भांडण दार लावून होतं.

परवाची गोष्ट. दुपार उतरली होती. होयबानं दारावर थाप मारली.

"कोण?"

"मी."

"काय पाहिजे?"

तो विचारात पडला. "काही नको. चहा केलाय. आत आणू का?"

आत थोडी कुजबुज झाली, कोणीतरी हसलं.

"उंबऱ्यावरच," दोघी एकदम म्हणाल्या.

त्यानं दोन कप उंबऱ्यावर ठेवले, त्यांवर बश्या झाकल्या आणि तो गोठ्यात गेला. सहाही म्हशींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. धारांची वेळ झाली होती. होयबानं बाह्या वर केल्या आणि चरवी घेऊन थोरलीच्या कासेखाली बसला.